मुक्या जिवांचा वैद्य : लुई पाश्चर

फ्रान्सच्या पूर्वेला जुरा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १८३१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात या मुलखात एक पिसाळलेला लांडगा शिरला. वाटेत येईल त्या माणसाला आणि गुराला चावत तो गावोगाव धावत सुटला. त्या काळी अशा चाव्यावर एकच उपाय लोकांना ठाऊक होता. जखमी माणसाला लोहाराकडे नेत आणि भट्टीत लाल केलेल्या सळईने त्याची जखम जाळून काढीत. आर्ब्वा गावच्या लोहारशाळेपुढे जमलेल्या गर्दीत आठ वर्षांचा एक मुलगा उभा होता. तापलेले लोखंड त्याने पाहिले, जखमी माणसाच्या किंकाळ्या ऐकल्या. इतके सारे सोसूनही त्या जखमी माणसांपैकी कित्येक जण पुढे तडफडून मेलेच. ते दृश्य त्या मुलाच्या मनातून कधी पुसले गेले नाही. त्या मुलाचे नाव लुई पाश्चर.

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी झाला. त्याचे वडील नेपोलियनच्या सैन्यात होते आणि पराक्रमाबद्दल त्यांना मानाचे पदकही मिळाले होते. लढाया संपल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा आपला पिढीजात धंदा पुन्हा हाती घेतला. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा येथे नदीकाठी राहावयास आले. घरातच कातड्यांची कुंडे, अंगणात वाळत घातलेली कातडी, आणि सगळीकडे त्यांचा उग्र वास ! परक्याला तो वास सोसत नसे. पण लुईला तो घरचा वाटे. पंधरा वर्षांचा असताना त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठविण्यात आले, तेव्हा घराच्या आणि त्या वासाच्या आठवणीने तो इतका झुरू लागला की थोड्याच आठवड्यांत वडिलांना जाऊन त्याला परत आणावे लागले.

शाळेत लुई फार चमकला असे नाही. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता, आणि आईवडिलांची व शेजाऱ्यापाजाऱ्यांची त्याने रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. गंमत अशी की पुढे ज्या रसायनशास्त्राने त्याला कीर्ती मिळवून दिली, त्याच विषयात परीक्षकांनी त्याला सामान्य असा शेरा दिला होता. पॅरिसच्या नामांकित अध्यापक-विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो उत्तीर्ण झाला. पण क्रमांक खाली लागला म्हणून त्याने प्रवेश घेतला नाही. पुन्हा अभ्यास करून तो दुसऱ्या वर्षी परीक्षेस बसला आणि वरच्या क्रमांकाने आत गेला. या हट्टी स्वभावाने त्याला पुढे पुष्कळ यश दिले, आणि कधी कधी भांडणेही ओढवून आणली.

पंचविशी ओलांडण्यापूर्वीच स्फटिकांविषयी एक महत्त्वाचा शोध लावून त्याने विद्वानांचे लक्ष वेधून घेतले. त्याविषयी तुम्ही पुढील इयत्तांत वाचाल. १८४९ साली स्ट्रासबर्ग येथे मारी लोराँ या मुलीशी त्याचा विवाह झाला. ही बाई संसार तर सांभाळीच, शिवाय रात्री नवऱ्याने सांगितलेला मजकूर लिहून घेई, त्याच्या प्रयोगांची माहितीही समजावून घेई. पुढे लील शहरी प्राध्यापक असताना पाश्चरने पदार्थ आंबतात कसे, याचा शोध केला. दूध नासते, द्राक्षासव बिघडते, ते आपोआप नव्हे. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात वाढतात म्हणून, असे त्याने प्रयोगांनी दाखविले. असे पदार्थ ठरावीक मर्यादेपर्यंत तापवून सुरक्षित ठेवण्याची त्याची रीत आज जगभरच्या दूधशाळांत वापरली जाते. दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड हा शब्द तुम्ही वाचला असेल. तो याच्याच नावावरून आला आहे.

येथवर पाश्चर हा निव्वळ रसायनशास्त्रज्ञ होता. वैद्यकाचे शिक्षण त्याने कधी घेतले नव्हते, माणसांच्याही नाही आणि गुरांच्याही नाही. मग तो जनावरांच्या रोगांकडे वळला कसा ? त्याला तिकडे ओढून नेले ते रेशमाच्या किड्यांनी.

फ्रान्सच्या दक्षिण भागात घरोघर रेशमाचे किडे पाळीत. तुतीचा पाला त्यांना खाऊ घालावयाचा, त्यांनी कोश विणले की ते विकावयाचे, आणि त्यावर वर्षाचा संसार चालवावयाचा, असा तेथील हजारो कुटुंबांचा क्रम होता. या किड्यांवर एक विलक्षण रोग पडला. किडे पाला खाईनासे झाले, त्यांच्या अंगावर मिरपूड उडविल्यासारखे काळे ठिपके दिसू लागले, आणि कोश विणण्यापूर्वीच ते मरू लागले. १८५३ साली त्या देशात २ कोटी ६० लाख किलो कोश निघाले होते. १८६५ साली जेमतेम ४० लाख किलो निघाले. तुतीची झाडे उभीच्या उभी राहिली, त्यांचा पाला खाणारे कोणी उरले नाही. सरकारकडे अर्ज गेले. पाश्चरचे गुरू दुमा हे त्याच भागातले. त्यांनी पाश्चरला गळ घातली. रेशमाच्या किड्याला आपण कधी हातही लावलेला नाही, हे पाश्चरने त्यांना कळविले. परंतु गुरूंचा शब्द त्याला मोडवेना.

दक्षिणेत गेल्यावर तो प्रथम फाब्र नावाच्या कीटकतज्ज्ञाला भेटला. फाब्रने त्याच्या हाती काही कोश दिले. पाश्चरने एक कोश कानाशी नेऊन हलवून पाहिला. आत काहीतरी वाजले, तेव्हा आत काय आहे म्हणून त्याने नवलाने विचारले. किडा कोशात शिरून त्याचा पतंग होतो, एवढेही त्याला ठाऊक नव्हते ! फाब्रला याचे आश्चर्य वाटले. पण या माणसाच्या धिटाईचे त्याने पुढे कौतुकच केले. जे आपणांस येत नाही ते येत नाही असे सांगून शिकावयास बसणे पाश्चरला कमीपणाचे वाटत नसे.

आले गावाजवळच्या एका घरात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. रोगी किड्यांच्या अंगात सूक्ष्मदर्शक यंत्रातून बारीक, लंबगोल, चकाकणारे कण दिसत. हे कण इतरांनीही पाहिले होते. पाश्चरला आरंभी वाटले की ते रोगाचे कारण नसून रोगाचा परिणाम असावेत. येथे तो चुकला होता, आणि ही चूक उमगावयास त्याला सुमारे दोन वर्षे लागली. त्याच्या सहकाऱ्यांचे प्रयोग, पुन्हा पुन्हा केलेली तपासणी, यांतून अखेर स्पष्ट झाले की ते कण म्हणजे रोगाचे जंतूच होत, आणि रोगी आईच्या पोटातून ते अंड्यांत उतरतात. पुढे असेही दिसून आले की किड्यांना एक नव्हे, दोन निरनिराळे रोग जडले आहेत.

मग उपाय सापडला, आणि तो किती साधा ! पतंगाच्या प्रत्येक मादीला फडक्याच्या वेगळ्या तुकड्यावर अंडी घालू द्यावयाची. नंतर ती मादी थोड्या पाण्यात खलून तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. कण दिसले तर तिची अंडी जाळून टाकावयाची. न दिसले तर ठेवावयाची. आईची तपासणी करून पिलांचे भवितव्य आधीच सांगता येऊ लागले. कोणती अंडी चांगली निघतील आणि कोणती मरतील, याचे भाकीत लिहून पाश्चरने एका गावच्या नगराध्यक्षाकडे आधीच देऊन ठेवले होते. हंगाम संपल्यावर पाहतात तो बहुतेक भाकिते खरी ठरलेली. शेतकऱ्यांच्या बायका आणि शाळेतली मुलेही ही तपासणी शिकली. पाश्चरची पत्नी व मुलगी तर पहाटेच उठून तुतीचा पाला तोडून आणीत आणि किड्यांची निगा ठेवीत. आज आपल्या देशात रेशीमकिड्यांची अंडी तयार करणाऱ्या केंद्रांत मादी पतंगाची अशीच तपासणी करतात.

हे वाचताना या पाच वर्षांत पाश्चरच्या घरी काय घडले, हे विसरता कामा नये. काम सुरू केले त्या वर्षी, १८६५ साली, त्याचे वडील वारले. त्याच वर्षी दोन वर्षांची मुलगी कामीय गेली. पुढल्या वर्षी बारा वर्षांची सेसिल विषमज्वराने गेली. थोरली मुलगी जान त्याच दुखण्याने पूर्वीच गेली होती. आणि १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चरला स्वतःला पक्षाघाताचा झटका आला. तो जगेल असे कोणास वाटले नव्हते. तो जगला, पण डावा हात व डावा पाय पुढे कधीच पूर्ववत झाले नाहीत. तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा दक्षिणेच्या वाटेला लागला. खुर्चीत बसून तो सांगे आणि सहकारी त्याप्रमाणे प्रयोग करीत. यानंतरचे त्याचे सर्व मोठे कार्य अर्धे अंग लुळे झालेल्या माणसाने केलेले आहे.

आता मेंढ्यांकडे येऊ. फ्रान्समध्ये शार्त्रच्या आसपास सपाट, सुपीक प्रदेश आहे. तेथे मेंढ्यांचे मोठमोठे कळप असत. उन्हाळ्यात या कळपांवर फाशी रोगाची धाड पडे. आपल्याकडेही गुरांना हा रोग होतो. माणसाला झाला म्हणजे त्याला काळपुळी म्हणतात. मेंढी एकाएकी मागे पडे, लटपटे, धापा टाकी आणि काही तासांतच मरे. तिचे रक्त काळे व दाट होऊन जाई. काही कुरणे तर शापित म्हणूनच प्रसिद्ध होती. तेथे मेंढ्या नेल्या की त्या मेल्याच. वर्षे लोटली तरी शाप सरत नसे.

या रोगाचे काडीसारखे जंतू पूर्वी दिसले होते, आणि कॉख या जर्मन डॉक्टराने १८७६ साली त्यांचे सर्व जीवनचक्र उलगडून दाखविले होते. हे जंतू संकटकाळी टणक कवचाचे बीजाणू होऊन बसतात आणि वर्षानुवर्षे जमिनीत टिकतात, हे कॉखने सिद्ध केले. पण जमिनीत खोल पुरलेल्या मेंढीच्या अंगातले बीजाणू वर गवतापर्यंत येतात कसे ? हे कोडे पाश्चरने सोडविले. १८७८ साली तो कापणी झालेल्या एका शेतातून चालला असता एका जागी मातीचा रंग निराळा दिसला. मालकाने सांगितले की गेल्या वर्षी तेथे मेलेल्या मेंढ्या पुरल्या होत्या. पाश्चर खाली वाकला. तेथे जमिनीवर गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक वेटोळ्या पसरलेल्या होत्या. त्याने ती माती आणि ती गांडुळे प्रयोगशाळेत नेऊन तपासली. गांडुळांच्या पोटातल्या मातीत बीजाणू सापडले ! शेतकऱ्यांचा मित्र म्हणून आपण ज्याला ओळखतो तो गांडूळ न कळत ते विष पुन्हा वर आणून ठेवीत होता. काटेरी गवताने मेंढीच्या तोंडात बारीक जखमा होतात आणि तेथून जंतू आत शिरतात, हेही त्याने दाखविले. मेलेली जनावरे कुरणात पुरू नका, हा त्याचा सल्ला तेव्हापासूनचा. कुरणांचा शाप उलगडला तो असा.

मौज म्हणजे मेंढ्या ज्या रोगाने पटापट मरत, तो कोंबड्यांना होत नसे. असे का ? पाश्चरने विचार केला, कोंबडीचे अंग मेंढीपेक्षा अधिक उष्ण, सुमारे ४२ अंशांचे असते. ती उष्णता जंतूंना मानवत नसेल. त्याने एका कोंबडीला जंतू टोचून तिला थंड पाण्यात उभे केले. कोंबडीचे अंग निवले आणि ती फाशीने मेली. दुसरीला तसेच केले; पण रोग दिसू लागताच तिला पाण्यातून काढून कापसात गुंडाळून ऊब दिली. ती वाचली. हा प्रयोग ध्यानात ठेवा. उष्णतेने जंतू नरमतात हे सूत्र त्याला पुढे उपयोगी पडले.

याच सुमारास कोंबड्यांत पटकीसारख्या एका रोगाची साथ होती. तुलूझच्या तुसँ नावाच्या पशुवैद्याने त्याचे जंतू पाश्चरकडे धाडले. पाश्चर व त्याचे सहकारी कोंबडीच्या मांसाच्या निवळ रश्श्यात ते जंतू वाढवीत. ताज्या रश्श्याचा एक थेंब कोंबडीला पुरे होई. गोष्टींच्या पुस्तकांत असे सांगतात की १८७९ च्या सुटीत काही रस्सा तसाच पडून राहिला, तो टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत, आणि त्यांनाच मागाहून ताजे जंतू टोचले तरी त्या जगल्या. प्रत्यक्षात हे एका सकाळचे काम नव्हते. वह्या पाहिल्या तर दिसते की जंतू किती दिवस ठेवले म्हणजे ते किती नरम होतात, याचे प्रयोग अनेक महिने चालले होते आणि त्यांत एमिल रू या तरुण सहकाऱ्याचा वाटा मोठा होता. तथापि निघालेले सत्य मात्र खरोखर अपूर्व होते. जो जंतू मारतो, त्यालाच दुबळे करून टोचले तर तो रक्षण करतो. जेन्नरने गाईच्या देवीची लस माणसाला टोचली होती, ती निसर्गाने तयार करून दिलेली होती. आता माणूस आपल्या प्रयोगशाळेत लस तयार करू शकत होता.

या जंतूंना पुढे पाश्चरवरूनच पाश्चुरेला हे नाव पडले. आपल्या गाईम्हशींना पावसाळ्यात होणारा घटसर्प हा रोग याच जातीच्या जंतूंमुळे होतो. माझ्या लहानपणी मृगाच्या आधी गावातली सारी गुरे चावडीपुढे आणून उभी करीत आणि पशुवैद्य एकेकाला लस टोचीत. आम्ही मुले झाडावर बसून ती मौज पाहत असू. त्या सुईचा एका फ्रेंच माणसाच्या कोंबड्यांशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले.

कोंबड्यांवर जे साधले ते मेंढ्यांवर साधेल काय ? फाशीचे जंतू ४२ ते ४३ अंश उष्णतेत वाढविले तर त्यांचे बीजाणू होत नाहीत आणि ते हळूहळू निर्बल होतात, असे पाश्चरला आढळले. त्याने लस तयार झाल्याचे जाहीर केले. ही बातमी ऐकून रोसिन्योल नावाच्या पशुवैद्याने त्याला एक प्रकारे आव्हानच दिले. मलँ गावाजवळ पुई-ल-फोर येथील आपल्या वाडीवर चारचौघांदेखत प्रयोग करून दाखवावा, अशी त्याने व्यवस्था केली. रोसिन्योलचा या नव्या विद्येवर फारसा विश्वास नव्हता. सहकाऱ्यांना भीती वाटली. पण पाश्चरने आव्हान स्वीकारले आणि काय काय घडेल हे आधीच लिहून दिले.

५ मे १८८१ रोजी प्रयोगास आरंभ झाला. चोवीस मेंढ्या, एक शेळी आणि सहा गुरे यांना लस टोचली. तितक्याच मेंढ्या, एक शेळी आणि चार गुरे लसीवाचून ठेवली. १७ मे रोजी लसीचा दुसरा हप्ता दिला. ३१ मे रोजी लस टोचलेल्या व न टोचलेल्या सर्व जनावरांना फाशीचे जहाल जंतू टोचण्यात आले. आता दोन दिवस वाट पाहावयाची होती.

त्या दोन दिवसांत पाश्चरच्या जिवाची घालमेल झाली. लस टोचलेल्या जनावरांपैकी एक मेंढी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा त्याचा धीर सुटला. त्याने सारा दोष रूच्या माथी मारला आणि उद्या लोकांपुढे जाऊन फजिती तूच सोस, असेही त्याला सुनावले. रू बिचारा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली, आणि तिने सर्वांचे चेहरे खुलले.

२ जूनला दुपारी पाश्चर वाडीवर पोहोचला तेव्हा शेतकरी, पशुवैद्य, अधिकारी, वार्ताहर अशी दोनशेच्या वर माणसे जमली होती. लस न टोचलेल्या मेंढ्यांपैकी एकवीस आणि ती शेळी मरून पडली होती. आणखी दोन मेंढ्या लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळल्या, आणि उरलेली एक दिवस मावळण्यापूर्वी गेली. त्यांच्या शेजारीच लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या. लशीवाचूनच्या गुरांना ताप येऊन मोठ्या सुजा आल्या होत्या. लशीची गुरे खुशाल चरत होती. लस टोचलेली एक गाभण मेंढी मात्र पुढे एकदोन दिवसांत मेली. तिचे कारण निराळे ठरले. टाळ्यांचा गजर झाला. रोसिन्योलच्या शंका फिटल्या. काही लशी प्रारंभी जास्त जहाल तर काही फार सौम्य निघाल्या. तरीही १८९४ पर्यंत फ्रान्समध्ये तीस लाखांहून अधिक मेंढ्यांना ही लस दिली गेली, आणि त्यांच्यात फाशीने मरणाऱ्या मेंढ्यांचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास उतरले.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना ती लपवू नये असे मला वाटते. पाश्चर आपल्या प्रयोगांच्या वह्या कोणास दाखवीत नसे, आणि आपल्यामागेही त्या घराबाहेर जाऊ नयेत अशी त्याची इच्छा होती. १९६४ साली त्याच्या नातवाने त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. जेराल्ड गायसन या अमेरिकन इतिहासकाराने त्या वाचून १९९५ साली एक ग्रंथ लिहिला. त्यावरून कळले की पुई-ल-फोरच्या मेंढ्यांना टोचलेली लस पाश्चरच्या उष्णतेच्या व हवेच्या पद्धतीने केलेली नव्हतीच. त्याचा सहकारी शांबरलाँ याने एका रसायनाने जंतू निर्बल करून ती तयार केली होती. ही रीत तुसँच्या रीतीला जवळची होती. जंतू धाडणारा तो तुलूझचा पशुवैद्य आठवतो ना ? त्याने १८८० साली, म्हणजे पाश्चरच्या आधी, फाशीवर लस करून पाहिली होती. पाश्चरने लोकांना मात्र ही गोष्ट सांगितली नाही. मेंढ्या वाचल्या हे खरे; लस खरी होती हेही खरे; पण तुसँच्या वाट्याचा मान त्याला त्या दिवशी मिळाला नाही. तुसँ पुढे आजारी पडला आणि १८९० साली, ऐन त्रेचाळिशीत, वारला. पाश्चर थोर होता, याबद्दल वाद नाही. पण पुई-ल-फोरच्या टाळ्या ऐकताना मला दर वेळी तुसँची आठवण येते.

यानंतर पाश्चरने डुकरांच्या एका रोगावर लस शोधली. त्या कामात त्याचा उजवा हात असलेला तुइलिए हा तरुण १८८३ साली पटकीचा अभ्यास करण्यासाठी इजिप्तला गेला आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याच रोगाने तेथे दगावला. पाश्चरला हा घाव फार लागला.

आता उरला होता लहानपणी पाहिलेला तो लांडगा. कुत्रे पिसाळते आणि त्याच्या चाव्याने माणूस जलसंत्रास होऊन मरतो, त्या रेबीजचा जंतू काही केल्या सूक्ष्मदर्शकात दिसेना. तो दिसणे शक्यच नव्हते. तो विषाणू आहे आणि तेव्हाच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे आपणांस आज ठाऊक आहे. जो दिसत नाही, रश्श्यात वाढत नाही, त्याला वाढवायचे कसे ? सहकाऱ्यांनी तो सशाच्या मेंदूत टोचून, एका सशातून दुसऱ्या सशात असा वाढविला. मग अशा सशाचा मज्जारज्जू काचेच्या चंबूत कोरड्या हवेत टांगून ठेवावयाचा. दिवसागणिक त्यातला जहालपणा कमी होत जाई, आणि चौदा दिवसांनी तो जवळजवळ नाहीसा होई. प्रथम चौदा दिवसांचा, मग तेरा दिवसांचा, अशा क्रमाने टोचत गेल्यावर कुत्र्यांना रेबीज होईना. हे काम फार धोक्याचे होते. त्यात पुष्कळ मुकी जनावरे बळी पडली, हेही सांगावयास हवे. पाश्चरला स्वतःला त्यांच्या वेदना पाहवत नसत. शस्त्राचे काम बहुधा रू करी.

फ्रान्समधील सगळ्याच कुत्र्यांना लस टोचावी, हा विचार प्रथम मनात आला. पण लाखो कुत्री आणि प्रत्येकाला कित्येक सुया, हे जमणार कसे ? तेव्हा त्याच्या ध्यानात आले की चावल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत बहुधा काही आठवडे जातात. तेवढ्या अवधीत चावलेल्यालाच लस देऊन रोगाला गाठता येईल.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातील एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच्या दारी आली. मुलाचे नाव जोझेफ मायस्टर. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावे घेतले होते. त्याला नीट चालवतही नव्हते. पाश्चर अडचणीत पडला. तो डॉक्टर नव्हता, आणि माणसावर ही लस वापरावी इतके प्रयोग झाले आहेत असे त्याच्या सगळ्या सहकाऱ्यांनाही वाटत नव्हते. दुसरीकडे ते पोर मरणार हे जवळजवळ निश्चित होते. दोन डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्याने होकार दिला. ग्रांशे नावाच्या डॉक्टराने सुई टोचली. दहा दिवसांत तेरा वेळा लस दिली गेली, दर वेळी आधीच्यापेक्षा जहाल. मुलगा अंगणात सशांशी आणि कोंबड्यांशी खेळे. पाश्चरला मात्र रात्ररात्र झोप येत नसे. आठवडे गेले, महिने गेले. जोझेफ जगला.

मग ऑक्टोबरात ज्युपिय नावाचा पंधरा वर्षांचा मेंढपाळ आला. लहान मुलांना वाचविण्यासाठी तो पिसाळलेल्या कुत्र्याच्या अंगावर गेला होता. तो आला होता जुरा प्रांतातून, पाश्चरच्याच मुलखातून. तोही वाचला. १८८६ साली रशियातून लांडग्याने चावे घेतलेले एकोणीस शेतकरी आले. त्यांतले सोळा वाचून घरी परतले. सगळेच वाचले असे नव्हे. उशिरा आणलेली एक लहान मुलगी दगावली, तेव्हा पाश्चर तिच्या उशाशी बसून रडला. आज कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावयाचे असते, आणि घरच्या कुत्र्यालाही दर वर्षी लस द्यावयाची असते. पाश्चरला कुत्र्यांच्या बाबतीत तेव्हा जे जमेना, ते आता जमते.

लोकांनी देशोदेशींहून पैसे पाठविले आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उघडली. येथेच काम केलेला हाफकिन पुढे आपल्या देशात आला आणि १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था तुम्हांपैकी काहींनी पाहिलीही असेल.

पाश्चरचे शरीर मात्र थकत चालले होते. अखेरचे दिवस त्याने पॅरिसजवळ व्हिलनव्ह येथे, संस्थेच्या जागेत काढले. पूर्वी लस टोचलेली कुत्री तेथे ठेवीत. आता रूने तेथे घोडे पाळले होते, आणि त्यांच्या रक्तापासून मुलांच्या घशातील घटसर्पावर औषध तयार होत होते. झाडाखाली बसून पाश्चर ते सर्व पाही. २८ सप्टेंबर १८९५ रोजी तेथेच त्याचे देहावसान झाले.

त्याची समाधी पाश्चर संस्थेच्या तळघरात आहे. वरच्या कमानींवर रंगीत खड्यांच्या बारीक तुकड्यांनी चित्रे जडविलेली आहेत. त्यांत राजे नाहीत, सेनापती नाहीत. तुतीच्या फांद्या आहेत, द्राक्षाचे वेल आहेत, दाणे टिपणाऱ्या कोंबड्या आहेत, चरणाऱ्या मेंढ्या आहेत, ससे आणि कुत्री आहेत. जोझेफ मायस्टर मोठेपणी याच संस्थेचा द्वारपाल झाला. समाधी पाहावयास येणाऱ्यांना तो दार उघडून देत असे.